बैठक उठली नाही

भाऊंच्या दोन्ही कानांत कायम रुईचे बोळे असत, आणि माझ्या आयुष्यातली निम्मी आदळआपट त्या बोळ्यांपायी झाली आहे. कापसाच्या जिनात सरकी काढणाऱ्या रेच्यांचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो. तिथे काम करणारी माणसं कानांत रुई घालतातच, पण भोंगा झाला की काढून फेकतात. भाऊ काढत नसत. बाजारात, मोटारीत, माझ्या ओसरीवर, तहसीलदारासमोर, सगळीकडे बोळे कानात. तुम्ही बोलत राहिलात की ते हसून मान हलवत आणि तुम्हाला वाटे, किती मन लावून ऐकतोय हा माणूस. ऐकत काही नसत. बोळ्यांतून त्यांना एकच शब्द ऐकू येई, तो म्हणजे 'नाही'. कुणी 'नाही' म्हटलं की भाऊ ताठ बसत, दोन्ही बोळे काढून मांडीवर ठेवत आणि म्हणत, "हां, आता बोल."

"आणि हो म्हणतात त्यांचं काय?" मी एकदा चिडून विचारलं होतं. चिडूनच विचारावं लागे, कारण साध्या आवाजातलं पोचत नसे.

"हो म्हणाऱ्यापाशी सांगाले काई नसते, सेकटरी," भाऊ म्हणाले.

सेकटरी म्हणजे मी. भाऊ आमच्या आदिलाबादच्या जिनातल्या युनियनचे पुढारी. मूळचे राजुऱ्याकडचे. पूर्वी ते जिनाच्या प्रेसमध्ये कापसाच्या गठाणी बांधायचे. युनियन काढल्याबद्दल शेठनं त्यांना कामावरून काढलं आणि तेव्हापासून ते माझ्या ओसरीवर राहायला आले. 'दोन दिवस टेकतो' म्हणाले होते. मी इंजिनघरात तेलपाणी बघायचो आणि उरलेल्या वेळात भाऊंनी करून ठेवलेलं निस्तरायचो. सेकटरीचं काम ते हेच.

मला सेकटरी केलं ते माझ्या अक्षरामुळे. निजामाच्या शाळेत शिकल्यामुळे मला उर्दू चांगली येई आणि कचेरीत चालायची ती उर्दूच. 'बखिदमत जनाब' असं सुरू करून मी असे अर्ज लिही की पेशकार सुद्धा मान डोलवी. माझा हात चांगला बसला आणि पोलिस ॲक्शन झाली. निजाम गेला, कचेऱ्यांतली उर्दू आटत गेली आणि साहेब लोक इंग्रजी मागू लागले. मी इंग्रजीच्या मागे लागलो. ती जरा कुठे हाताशी येते न येते तो राज्यच मोडून तुकडे झाले आणि कचेरीत तेलुगू आली. असा मी दर राज्यात नव्यानं अडाणी होत गेलो. भाऊंना याचं काही नव्हतं. ते म्हणत, "अर्ज कोनत्याबी भाषेत लिव, साहेब वाचतच नाई."

आता त्यांच्या नियमाविषयी. त्या नियमाची आठवण झाली तरी अजून माझं डोकं तापतं.

निजामाच्या शेवटच्या दिवसांत भाऊंवर पकडवॉरंट होतं आणि ते इंद्रवेल्लीकडच्या रानात गोंडांच्या एका गुड्यात, म्हणजे पाड्यावर, लपून राहिले होते. तिथली माणसं भांडण मिटवायला बसली की सगळ्यांचं पटेपर्यंत उठत नाहीत, असं त्यांनी पाहिलं. आता लपायला गेलेल्या माणसानं लपावं, जीव वाचवावा, गपगुमान परत यावं. हे तिथून नियम घेऊन आले. आमच्या युनियनमध्ये हात वर करून मतं मोजणं बंद. एक जण जरी नाही म्हणाला तरी बैठक उठायची नाही. आणि त्यावर कळस म्हणजे, बैठक लांबली आणि जेवायची वेळ झाली तर ज्यानं नाही म्हटलं त्याला पहिली भाकर.

बैठक जिनच्या मागच्या चिंचेखाली बसे. घरोघरच्या भाकरी एका टोपल्यात ठेवायच्या आणि भाऊंनी वाटायच्या. कुणाची भाकर कुणाच्या हातात जाईल याचा नेम नसे, आणि त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. तिच्यावरूनही एक बैठक बसली, ती पुढच्या आठवड्यात उठली. पण टोपलं एकच राहिलं. भाऊ टोपल्यात हात घालत, वरची गरम भाकर काढत, तिच्यावर ठेचा ठेवत आणि नाही म्हणणाऱ्यापुढे ती दोन्ही हातांनी धरत. आम्ही हो म्हणणारे लाळ गिळत बघत बसायचो.

याचा व्हायचा तो परिणाम झाला. प्रेसमध्ये पोचन्ना नावाचा एक दांडगा तेलुगू गडी होता. त्याला पहिल्या भाकरीची चटक लागली. ठराव कुठलाही असो, पोचन्ना म्हणणार, "नाई." चिंचेखाली पाण्याचा माठ ठेवायचा का? नाई. मी भाऊंना म्हटलं, "अहो, तो भाकरीसाठी नाही म्हणतो."

"म्हणू दे. पोट भरल्यावर हो म्हणते का नाई?"

म्हणे. ढेकर देऊन हो म्हणे. तोवर आमची दुपार गेलेली असे.

याहून वरताण म्हणजे पोलिसाची गोष्ट. पोलिस ॲक्शननंतर सरकारला आमच्यासारख्यांचा फार संशय. प्रत्येक बैठकीला साध्या कपड्यांतला एक खबऱ्या शिपाई येऊन मागे बसे आणि कोण काय बोललं ते टिपून घेई. सगळ्या गावाला तो माहीत होता. दुसरा कुणी पुढारी असता तर त्याला हाकलता किंवा त्याच्यासमोर जपून बोलता. भाऊंनी त्याला पुढे बोलावून बसवलं. म्हणाले, "बैठकीत बसला तो बैठकीतला." झालं. म्हणजे आता आमच्या ठरावाला त्याचंही हो पाहिजे. संपाची नोटीस द्यायची की नाही, सगळे हो म्हणाले, अगदी पोचन्नाही ढेकर देऊन म्हणाला, आणि भाऊ शिपायाकडे वळले.

"बोला जमादारसाहेब. संप करायचा का?"

शिपाई घामाघूम झाला. "मेरेकू कायकू पूछते जी? मैं तो खाली लिखने कू आया."

"मंग नाई म्हणता का?" भाऊंचे हात कानाकडे गेले.

शिपायानं त्या हातांकडे पाहिलं, टोपल्याकडे पाहिलं, मावळतीकडे पाहिलं. बैठक लांबली तर काय होतं ते त्यानं महिनोन्‌महिने भोगलं होतं. "नहीं, नहीं. हाँ बोल रहा हूँ. करो संप," तो म्हणाला, आणि सरकारच्या पगारी माणसाच्या संमतीनं आमचा संप ठरला. मी कपाळावर हात मारून घेतला.

मागणी साधी होती. निजामाच्या काळापासून आमच्या जिनात पाळी बारा तासांची. नव्या कायद्यानं ती आठ तासांची व्हायला हवी होती, पण कायदा जिनच्या फाटकातून आत येत नव्हता. आम्ही ऐन हंगामात संप केला. इंजिन मीच बंद केलं. भीमपूरकडून आलेल्या कापसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून पार सडकेपर्यंत गेली. बैल रवंथ करत उभे, गाडीवाले आम्हाला शिव्या देत होते. शेठ आभाळाकडे बघे आणि उघड्यावरच्या कापसाकडे बघे. शेवटी त्यानं मला नि भाऊंना बोलावलं आणि सांगितलं की इंजिनवाले, प्रेसवाले, हमाल, सगळ्या गड्यांना आठ तास मंजूर. रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बाया मात्र हंगामी, त्यांचे बारा तासच राहतील. सकाळच्या भोंग्याला कामावर या, नाहीतर बाहेरगावची माणसं आणतो.

मला आकाश ठेंगणं झालं. बायांचं मागून बघता आलं असतं. आधी हातात आलेलं तर घ्यावं. मी चिंचेखाली येऊन सगळ्यांना सांगितलं. भाऊ एकेकाला विचारू लागले. गडी हो म्हणाले. बायांना विचारलं, त्याही खाली मान घालून हो म्हणाल्या. संप लांबला होता, चुली थंड होत्या, त्यांना काम सुरू व्हायला हवं होतं. पाळी आली पोचन्नाची.

"नाई," पोचन्ना म्हणाला.

"भाकरी आल्या नाहीत अजून," मी ओरडलो.

पण पोचन्नाचं लक्ष भाकरीकडे नव्हतंच. तो खरंच विचारात पडला होता. भाऊंनी बोळे काढले. "हां, आता बोल."

"मी आठ तासाला घरी जातो. बायको बारा तासाला येते. मंग अन्नम कोण करते? मी?"

लोक जे हसले ते विचारू नका. बैल दचकले. मीही हसलो, कारण मला वाटलं आता भाऊ याला गप्प करतील आणि आम्ही मोकळे होऊ. भाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, "ज्याच्या ज्याच्या घरची बाई रेच्यावर हाय त्यानं सांगा, पोचन्नाच्या घरी जे होईन ते तुमच्या घरी होईन का नाई?"

हसणं बंद झालं. निम्म्याहून जास्त गड्यांच्या बायका, आया, बहिणी रेच्यांवर होत्या. एकानं डोकं खाजवलं. दुसरा म्हणाला, "भाऊ, माह्याबी घरी तीच गत हाय. माहं नाई हाय." मग तिसरा. मघाशी हो म्हणालेले गडी भराभर फिरले. माझ्या डोळ्यांदेखत हातातला करार निसटून चालला होता, आणि कशासाठी, तर संध्याकाळच्या भाकरीसाठी.

पोचन्नाची बायको राजव्वा बायांच्या घोळक्यात पुढेच बसली होती. ती उठली. "मी नाई म्हणले असते तर कोण ऐकले असते? यांच्या पोटाला लागले तेव्हा समजले."

"मंग तू काऊन म्हणली नाई?" भाऊंनी तिला विचारलं. "म्या तं विचारलं होतं."

"तुम्ही विचारले. ऐकायला हे बसले होते," राजव्वा म्हणाली आणि तिनं गड्यांकडे हात केला. भाऊंनी तिच्याकडे आणि मग गड्यांकडे पाहिलं. थोड्या वेळानं टोपलं आलं. त्यांनी पहिली भाकर काढून पोचन्नापुढे धरली. पोचन्नानं हात पुढे करायच्या आत राजव्वानं ती घेतली, आणि तिथेच बसून खाल्ली.

शेठला निरोप द्यायला मलाच जावं लागलं. तो म्हणाला, "तुम्हारी मीटिंग है कि बारात? कब उठेगी?" मी सांगितलं, उठली नाही. दुसऱ्या दिवशी हेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही हेच. भाऊंना मी हात जोडून म्हटलं की बाहेरगावची माणसं आली तर आपण सगळे रस्त्यावर येऊ. ते म्हणाले, "बैठक बसून हाय ना." बाहेरगावची माणसं काही आली नाहीत, पण गाडीवाले कंटाळून दुसऱ्या जिनाकडे बैल वळवू लागले, आणि रांग अर्धी झाल्यावर शेठनं बायांनाही आठ तास कबूल केले.

पुढे महिनाभरानं एकदा मी इंजिनघराच्या दारात उभा होतो. भोंगा झाला आणि बायांचा घोळका अंगावरची रुई झटकत उन्हातच घरी निघाला. पूर्वी त्या अंधारात निघत, तेव्हा चेहरे दिसत नसत. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला. पोचन्ना मात्र तक्रार घेऊन आला. बायको आता त्याच्याबरोबरच घरी पोचते आणि म्हणते, मी भाकरी करते, तू पाणी भर. भाऊ त्याला म्हणाले, "मंग बैठक घे."

बाहेर हा ताप, घरात वेगळा. भाऊ ओसरीवर राहत म्हणजे माझ्या घरातही बैठका. वरण करायचं की पिठलं, यावर सगळ्यांचं मत घेत. माझी बायको सोशिक, पण तिलाही सीमा होती. एके दिवशी ती ओसरीच्या दारात उभी राहून म्हणाली, "भाऊजी, तुमी आमच्या घरी राहून राह्यले हे मले पटत नाई."

मी आतून ऐकत होतो. मनात म्हटलं, सुटलो. भाऊंनी बोळे काढले, स्वयंपाकघरात गेले, तिनंच केलेली पहिली भाकर आणून तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "बसा वैनी. सांगा." तिनं सांगितलं. विड्यांची थोटकं, सकाळी सकाळी येणारी माणसं, मोठ्यानं खाकरणं, सगळं सांगितलं. भाऊंनी सगळं मान्य केलं. विडी सोडली, विहिरीचं पाणी आणायला लागले. "आता जायचं का मी?" त्यांनी विचारलं. "माहं तं जायाचं मन नाई. म्हणजे माहं नाई हाय."

त्या नियमाची खोच मला त्या दिवशी कळली. सगळ्यांचं पटलं नाही तर काहीच ठरत नाही, आणि काहीच ठरलं नाही तर जे आहे ते चालू राहतं. आणि जे आहे ते म्हणजे ओसरीवर भाऊ. बायको रात्री मला म्हणाली, "याले काय करावं वो?" मी म्हटलं, मलाच माहीत असतं तर.

मग राज्य मोडायची वेळ आली. भाषेप्रमाणे प्रांत होणार, हैदराबादचे तीन तुकडे होणार, मराठवाडा मुंबईकडे जाणार, आम्ही आंध्रात. आमच्याच जिल्ह्यातला राजुरा तालुका तिकडे गेला आणि आम्ही इकडे राहिलो. चहाच्या दुकानात, कचेरीत, जिनात, ज्याला त्याला विचारत, तुमी कोणीकडचे? शेजारी बसून वर्षानुवर्षं गठाणी बांधणारे दोघं एकमेकांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. पोचन्ना मला म्हणाला, आता तुझा सरकार तिकडे, माझा इकडे. थट्टेत म्हणाला, पण म्हणाला. मराठी गडी भाऊंच्या मागे लागले की तुम्ही पुढे व्हा, आपणही तिकडे गेलं पाहिजे म्हणून सांगा. तेलुगू गडी त्यांना विचारत, अन्ना, तुम्ही आमचे ना? भाऊ कुणालाच धड उत्तर देत नसत. एकदाच मला म्हणाले, "एवढी मोठी वाटणी केली. नाई म्हणाऱ्याले पयली भाकर देल्ली का कोणं?"

मी म्हटलं, "दिल्लीत टोपलं नसेल."

"थेच तं म्हणून राह्यलो," ते म्हणाले. त्यांना थट्टा कळली नव्हती.

वाटणी झाल्यावर राजुऱ्याकडून दोन माणसं भाऊंना न्यायला आली. तिकडे नवी युनियन उभी राहत होती, आणि तिला भाऊंसारखा माणूस हवा होता. राहायला खोली देणार होते. गाव जवळ, सरकार आपल्या भाषेचं. इकडे भाऊंना काय होतं? माझी ओसरी. भाऊंनी दिवसभर विचार केला आणि मला म्हणाले, "जावं म्हणतो. तिकडं सांभाळाले कोणी नाई, इकडं तू हाय." मग लगेच म्हणाले, "पण बैठकीत ठेवू."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. ओसरी रिकामी होणार होती. युनियन माझ्या हाती येणार होती. मी हात वर करून मतं मोजणार होतो आणि चहा निवायच्या आत बैठक संपवणार होतो. सुटीच्या दिवशी दुपारी बैठक ठरली. बायकोनं सकाळपासून भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी केली, ठेचा कुटला. थापता थापता मध्येच पदरानं डोळे पुसत होती. मी विचारलं तर म्हणाली, धूर झाला.

चिंचेखाली सगळे आले होते. राजुऱ्याची दोन माणसं मागे बसली होती. खबऱ्या शिपाईही आला होता, खरं म्हणजे त्याचं आता काही काम उरलं नव्हतं. भाऊ बोळे घालून मध्ये बसले आणि एकेकाला विचारू लागले, "मी जाऊ का?"

मराठी गडी हो म्हणाले. तेलुगू गडी हो म्हणाले. राजव्वा म्हणाली, "जा अन्ना. तिकडच्या बायांनाही विचारा. आणि त्यांचे ऐका." शिपाई म्हणाला, "हाँ जी, जाओ," आणि नाक शिंकरलं. पोचन्नाजवळ प्रश्न आला तेव्हा सगळे हसायच्या तयारीत होते. याचं नाही ठरलेलं. टोपलं समोरच होतं.

पोचन्नानं टोपल्यावरची नजर काढून भाऊंकडे पाहिलं. मग म्हणाला, "जाऊ दे. थकला माणूस. हो."

पोचन्नानं जेवायच्या आधी हो म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

शेवटचा मी. सेकटरीला शेवटी विचारायचं ही रीत. भाऊंनी माझ्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "बोल सेकटरी. मी जाऊ का?"

मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. त्या 'हो'ची मी किती वर्षं वाट पाहिली होती. समोर पोचन्ना बसला होता, त्याला चिकटून मराठी गडी बसले होते, मध्ये ते एक टोपलं होतं. हा माणूस गेला की हे टोपलं किती दिवस एक राहील, असं माझ्या मनात आलं. मी मतं मोजीन आणि पहिल्याच मोजणीत इकडचे किती, तिकडचे किती, ते सगळ्यांना कळेल. हे मला तेव्हा एवढं नीट सुचलं होतं असं नाही. तेव्हा मी नुसता टोपल्याकडे बघत होतो.

"नाही," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. भाऊ ताठ झाले. त्यांनी एक बोळा काढला, मग दुसरा, दोन्ही मांडीवर ठेवले. इतक्या वर्षांत माझ्यासाठी त्यांनी बोळे काढले नव्हते, कारण बैठकीत मी नेहमी हो म्हणणारा.

"हां," ते म्हणाले, "आता बोल. काऊन?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "मले पटत नाई," एवढंच निघालं, तेही सेकटरीच्या भाषेत नव्हे, घरच्या.

राजुऱ्याच्या माणसांपैकी एक जण वैतागून म्हणाला, "अवो, एकट्याचं काय घेऊन बसले? बाकी समदे हो म्हणून राह्यले ना?" आमचे सगळे लोक त्याच्याकडे असे वळून बघायला लागले की तो गप्प बसला. भाऊंनी टोपल्यावरचं फडकं काढलं. वरची भाकर घेतली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. माझ्याच घरची भाकर. मी ती घेतली आणि हातात धरून बसलो. पोचन्ना बाजूनं म्हणाला, "खा, खा. गरम आहे तोवर खायची असते. मला माहीत आहे."

बैठक उठली नाही. दिवस मावळला तशी माणसं उठून गेली, राजुऱ्याची माणसं दोन दिवस थांबून परत गेली, पण बैठक उठली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चहा घेताना भाऊंनी बोळे काढून मला विचारलं, "मंग? पटलं का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी बोळे घातले आणि विहिरीवर गेले.

हे पुढे वर्षानुवर्षं चाललं. रोज सकाळी. मला ताप असो, घरात पाहुणे असोत, आम्ही आदल्या दिवशी कडाक्याचं भांडलेलो असू. भांडण तर रोजचंच होतं. माझ्या निवृत्तीपर्यंत एकही बैठक वेळेत संपली नाही, आणि दोष द्यायला मला दुसरं कुणी उरलं नव्हतं. बायको म्हणे, "एक डाव हो म्हणा ना, पाहा तरी काय करतात." मी म्हणत नसे. न जाणो, खरंच जायचे.

चिंचेखालचं टोपलं एकच राहिलं. तेवढं मी पाहिलं.

शेवटच्या आजारात ते ओसरीवरच्या बाजेवर होते. दवाखान्यात नेऊ म्हटलं तर म्हणाले, वैनींना विचार, पोचन्नाला विचार. पोचन्ना म्हातारा होऊन काठी टेकत आला आणि नाई म्हणाला. बायकोनं त्याला मुकाट्यानं भाकर वाढली. एके सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा भाऊंचे डोळे उघडे होते. हात कानापर्यंत जात नव्हता. मी वाकून त्यांचे बोळे काढले.

"पटलं का?" त्यांनी विचारलं. आवाज नव्हताच, ओठ हलले.

"नाही," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, कारण मला भीती वाटली. "नाही पटलं. ऐकलं ना? नाही."

त्यांनी मान हलवली. मी चहा निववायला बशीत ओतला. तेवढ्यात ते गेले.

ज्या माणसानं पोलिसाला विचारल्याशिवाय संप केला नाही, भाकरीपायी हातात आलेला करार फिरवला, माझी अर्धी हयात त्या चिंचेखाली बसवून घालवली, त्यानं स्वतःचा नियम मोडला तो माझ्या ओसरीवर, माझ्यासमोर, माझं नाही कानावर पडल्यावर. लोक समजूत घालतात. म्हणतात, वय झालं होतं, सुटले. म्हणत असतील. बोळे माझ्याजवळ आहेत, आणि मला अजून पटलेलं नाही.